शेवटी पिणारी बांधी

सुम्बेरजाती, मध्य जावा
६ जुलै २०२४

तीर्थरूप बाबांना भुपेंद्रचा साष्टांग नमस्कार.

तुमचे कान गेल्यापासून फोनवर आई आणि हर्षाच बोलतात आणि तुम्ही बाजूला बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहता, असं हर्षाने सांगितलं. म्हणून ठरवलं, आता तुम्हाला पत्रच लिहायचं. मी टाइप करून तिच्या फोनवर पाठवतो, ती साकोलीहून छापून आणेल. अक्षर मोठं छापायला सांगा.

कंपनीने पंप बसवायला मला ज्या गावात आणून टाकलं आहे त्याचं नाव सुम्बेरजाती. नकाशात शोधू नका. इथल्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारलं तरी माणसं आधी डोकं खाजवतात. दोन टेकड्यांच्या मध्ये, नारळ आणि बांबूच्या आड बसलेलं गाव आहे. पण तुम्ही आलात तर पहिल्याच दिवशी रुळाल, कारण जिकडे पाहावं तिकडे धान. बांध घातलेल्या धानाच्या बांध्या टेकडीवरून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरतात. रोवणी बायाच करतात, मागे सरकत सरकत, आणि तोंड एक क्षण बंद नाही. भाषा समजत नाही, पण नवऱ्यांच्या चुगल्या चालल्यात एवढं कळतं.

माणसं मुसलमान आहेत, पण चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात आणि त्यात भीम-अर्जुन असतात. मी म्हटलं भीम आमचा, ते म्हणाले आमचा. शेवटी दोघांचा ठरला. जुन्या बाया अजून धानाची एकेक लोंबी तळहातात लपणाऱ्या छोट्या पात्याने कापतात. मोठा विळा पाहून धानाची देवी घाबरते म्हणे.

आणि बाबा, इथे तुमच्यासारखा एक माणूस आहे. पाक कर्तो. पाक म्हणजे बाबाच समजा. खांद्यावर कुदळ टाकून दिवसभर पाटाने फिरतो. कोणत्या बांधीला किती पाणी, हे तोच ठरवतो. त्याच्या बदल्यात गाव त्याला कसायला जमीन देतं. त्याला मी सांगितलं की माझा बापही तलावाचं पाणी सोडतो, तर म्हणाला, त्यांच्याकडून त्यांच्या गावाची माहिती लिहून मागव, आम्हाला वाचून दाखव. तेव्हा सवड काढून लिहा.

इथला भात चिकट. जेवताना रोज आपल्या तलावाखालच्या बांधीतला चिन्नोर आठवतो. कोणी इकडे येणारा भेटला तर थोडा पाठवा.

तुमचा
भुपेंद्र


कोसमटोला, ता. साकोली
२१ जुलै २०२४

दादा,

तुझं पत्र गावात गाजलं. बाबा तलावाच्या पाळीवर आंब्याखाली बसून, ओळीवर बोट ठेवून वाचतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून इतक्या मोठ्याने वाचतात की पलीकडे म्हशी मान वर करतात. गोमाजीबुवांनी विचारलं, "तो बाहुल्यायचा भीम कोनत्या भाषेत बोलते?" तेवढं कळव, नाहीतर ते मला रोज विचारतील.

बाबांनी माहिती लिहायला घेतली आहे. 'गाव लहान, तलाव मोठा' इथपर्यंत आले आहेत. पुढे काय लिहावं म्हणून पेन कानावर ठेवून फिरतात.

आता माझं. बाबांचा गुडघा पार गेला. गेली तीन वर्षं तुडुम मी उघडते, हे तुला माहीत आहे. तू जावात राहून विसरला असशील म्हणून सांगते, पाळीत दगडी तोंड आहे ना, त्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून लाकडी दट्ट्या उपसावा लागतो. आणि नियमही विसरला असशील. पाणी आधी शेवटच्या टोकाला, म्हणजे मनकर्णाकाकूच्या बांधीला. मग मागे मागे येत वरच्यांना. आणि ज्याच्या हाती तुडुम, त्याची बांधी सगळ्यांच्या शेवटी. आपली बांधी तलावाला चिकटून, आणि पाणी पिते शेवटी. म्हणून तर आजोबांपासून कोणी आपल्यावर संशय घेतला नाही. मागच्या साली पाणी पुरलं नाही, आपल्या अर्ध्या धानाची वाळून तणस झाली. बाबा त्या बांधीवर उभे राहून हसले आणि मला म्हणाले, "आता तू पक्की झाली."

मला हे काम आवडतं, दादा. पाणी सोडलं की बांधांच्या धुऱ्या-धुऱ्याने त्याच्याबरोबर चालत टोकापर्यंत जाते, काकू पदराने तोंड पुसत वाट पाहत असते. हे मला सोडायचं नाही.

पण घनश्यामकाका मागे लागले आहेत. बाबांचे चुलतभाऊ म्हणून हक्क सांगतात. म्हणतात, "पोरीच्या जातीनं तुडुमात काहून उतरावं? उद्या सासरी जाईल, मंग पानी कोन सोडंल?" खरी गोष्ट ही की त्यांना उन्हाळी धानासाठी तलावात पाणी राखायचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाळीवर बैठक आहे. गोमाजीबुवा म्हणाले, "भुपेननं म्हनलं का पोरीकडं राहू द्या, त कोनी काई बोलत नाही." मुलगा तू, म्हणून शब्द तुझा लागतो. मी तीन वर्षं पाण्यात उतरले त्याचा लागत नाही. असो. तेवढं कर.

हर्षा


सुम्बेरजाती
४ ऑगस्ट २०२४

प्रिय हर्षा,

गोमाजीबुवांना सांग, भीम जावाच्या भाषेत बोलतो आणि आवाज आपल्या भीमासारखाच भसाडा आहे.

परवा पाक कर्तोंच्या घरी नातवाचं जेवण होतं. हळदीच्या पिवळ्या भाताची रास केळीच्या पानावर, सगळे भोवती मांडी घालून. मी त्यांना आपला नियम सांगितला, की पाणी सोडणाऱ्याची बांधी शेवटी पिते. माझ्याबरोबरच्या पोऱ्याने त्यांच्या भाषेत सांगितलं. कर्तोंनी मांडीवर थाप मारली आणि तेच पुन्हा सगळ्यांना सांगायला लावलं. म्हणाले, हा माणूस मला न भेटता ओळखतो. माझे डोळे भरून आले. आपण काय घेऊन वाढलो ते तिथे असताना कळत नाही, हर्षा. इतक्या दूर आल्यावर कळतं.

तुडुमाचं पाहू. त्याचा एवढा घोर करू नकोस. तू किती दिवस त्या गढूळ पाण्यात उतरणार? तुझ्या वर्गातल्या मुली कुठच्या कुठे गेल्या. जवाहरनगरसारख्या ठिकाणी क्वार्टर असावं, नळाला पाणी यावं, दारातून फॅक्टरीची बस जावी, असं तुझ्यासाठी मला वाटलं तर चुकलं का? आईशी बोल, तिच्या कानावर काही आहे.

बाबांचं लिखाण कुठवर आलं? कर्तो रोज विचारतात.

दादा


कोसमटोला
२५ ऑगस्ट २०२४

दादा,

आईच्या कानावर काय होतं ते आता माझ्याही कानावर आलं. घनश्यामकाका जवाहरनगरचे पाहुणे घेऊन आले. मुलगा फॅक्टरीत आहे, शांत आहे, चहा पिऊन कप स्वतः आत नेऊन ठेवला. त्याच्यात खोट काढणार नाही. पण त्याची आई माझ्या टाचांकडे पाहत होती. विचारलं, "पोरगी पान्यात उतरते म्हने?" मी म्हटलं, "हो जी, कमरेवरी." घनश्यामकाका घाईघाईने हसले, "आता नाही उतरत, बंद केलं." मी काही बोलणार तर आईने माझ्या हाताला चिमटा काढला. अजून वळ आहे.

हे सगळं तू आणि काकांनी फोनवर ठरवलं ना? मला विचारलं असतं तर जीभ झिजली असती का?

लग्नाला मी जन्मभर नाही म्हणत नाही. पण ते माझं मी पाहीन. तुडुमाची गोष्ट त्यात कालवू नकोस. पोऱ्याने भाषांतर करून परक्या माणसांना तू आपला नियम सांगितलास, तुझे डोळे भरले. इथे आपल्या भाषेत, आपल्या माणसांना एकच वाक्य सांगायचं आहे. 'तुडुम हर्षाकडे राहील.' बस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन पाळीवर सगळ्यांसमोर लावू. पाळीवर उत्तरेच्या टोकाला आवाज नीट येतो, मी आधीच पाहून ठेवलं आहे.

बाबा म्हणतात, तू सांगशीलच. त्यांना शंकाही नाही. मलाच उगीच धाकधूक होते.

हर्षा


सुम्बेरजाती
५ सप्टेंबर २०२४

प्रिय हर्षा,

रागावली असशील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो.

बैठकीत सगळ्यांसमोर मी 'आता घनश्यामकाका तुडुम पाहतील, हर्षाचं लग्न ठरतंय' असं म्हटलं, ते तुझ्या भल्यासाठी. घनश्यामकाकांना मी आधीच शब्द दिला होता. जवाहरनगरच्या लोकांची तेवढी एकच अट होती. असं स्थळ पुन्हा येतं का? तू शिकलेली आहेस, चिखलात उभी राहून म्हातारी व्हावीस असं मला वाटत नाही. आणि पाणी काय, कोणीही सोडलं तरी ते खालीच वाहणार.

घनश्यामकाका मला म्हणाले की नियम तसाच ठेवू. जुना माणूस आहे, एवढा विश्वास ठेवायला हरकत नाही.

बाबा काय म्हणाले? शेवटी त्यांचा आवाज आला, पण शब्द मला कळले नाहीत, आणि मग फोनच बंद झाला. मी त्यांना पत्र लिहायला दोनदा बसलो. तू आधी सांग, ते काय म्हणाले.

दादा


कोसमटोला
१३ ऑक्टोबर २०२४

दादा,

इतके दिवस उत्तर दिलं नाही कारण हात शिवशिवत होता, आणि तशा हाताने लिहू नये एवढं शिकले आहे.

बाबा काय म्हणाले ते विचारतोस. ऐक. फोन दगडावर ठेवला होता. तुझा आवाज पाळीभर ऐकू गेला, फक्त बाबांना नाही. तू बोललास. गोमाजीबुवा खाली पाहू लागले. बाबा माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "काय म्हनला भुपेन?" त्यांच्या तोंडावर हसू होतं. तू 'हर्षा' म्हणालास हे कळून घ्यायला ते आतुर झाले होते. सांग, मी काय सांगायला हवं होतं? मी फोन उचलला, बंद केला आणि हाताने खूण केली, लाइन कटली. "मंग पत्रात लिहिल," ते म्हणाले. तेव्हापासून ते तुझ्या पत्राची वाट पाहतात. तू मला लिहिलेलं पत्र मी छापून आणलं नाही.

घनश्यामकाकांनी दट्ट्या उपसला. नियम तसाच ठेवणार होते ना? पहिल्याच दिवशी म्हणाले, "जवळून सुरुवात केली त पानी वाया जात नाही." सगळ्यांत जवळची बांधी कोणाची? आपली. दादा, आपल्या बांधीने पहिल्यांदा पाणी प्यालं. मग त्यांच्या स्वतःच्या बांध्या, मग त्यांच्या सोयऱ्यांच्या. आणि टोकाकडे पाणी पोचायच्या आत तुडुम बंद. उन्हाळी धानाला लागेल म्हणे. पावसानेही नेमकी तेव्हाच पाठ फिरवली.

मनकर्णाकाकूचं धान लोंबीवर आलं होतं. ती घनश्यामकाकांच्या दारात गेली, तर म्हणाले, "मी नाही, भुपेनच्या शब्दानं मले हे भेटलं." मग आमच्या दारात आली. मी काय देणार होते? मी जाऊन दट्ट्या उपसायला उतरले, तर काकांच्या मुलाने मला हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, "आता तुहं काय काम?" गावातल्या एकाही माणसाने तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी तुझा शब्द ऐकला होता.

काकूच्या बांधीत आता गुरं सोडली आहेत. काल दसऱ्याला ती सोनं द्यायला आली. बाबांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, पायाला हात लावला आणि गेली. बाबांच्या हातात ते पान तसंच राहिलं.

जवाहरनगरला मी स्वतः फोन करून नकार कळवला. मुलाला सांगितलं, तुमच्यात खोट नाही, पण माझ्या लग्नाच्या नावावर जे काढून घेतलं गेलं ते मला परत मिळत नाही तोवर मी कोणाच्या घरात नीट वागणार नाही. तो बिचारा म्हणाला, मला तर हे माहीतच नव्हतं.

तुझे डोळे भरून येतात ते आता मला सांगू नकोस.

हर्षा


सुम्बेरजाती
१० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवाळी चांगली झाली असेल. मंडईच्या जत्रेत यंदा कोणतं नाटक होतं? मी इथे मोबाइलवर दिव्याचं चित्र लावून दिवाळी केली.

माझं इथलं काम संपत आलं. पंप सुरू झाले. बटण दाबलं की नदीचं पाणी थेट वर चढतं. वरच्या शेतकऱ्यांची मोठी सोय झाली, त्यांनी माझा सत्कार केला, डोक्यावर काळी टोपी घातली. फोटो हर्षाच्या फोनवर पाठवला आहे. पाक कर्तो आता मशिदीच्या ओट्यावर बसलेले असतात.

हर्षा माझ्यावर नाराज आहे. तुम्ही तिला समजवा, तुमचं ती ऐकते. मी जे केलं ते तिच्यासाठी केलं. सविस्तर भेटीत बोलू.

कंपनीचा एक माणूस डिसेंबरात नागपूरहून इकडे येतो आहे. त्याच्याजवळ आपला चिन्नोर जरूर द्या. हर्षा म्हणत होती की यंदा आपल्या बांधीला पाणी भरपूर मिळालं, म्हणजे धान चांगलं झालं असेल. आणि गावाची माहिती अजून पाठवली नाहीत. निघण्यापूर्वी ती इथे वाचून दाखवण्याची माझी फार इच्छा आहे.

तुमचा
भुपेंद्र


कोसमटोला
८ डिसेंबर २०२४

चि. भुपेंद्रले कवडूचा आशीर्वाद.

तू मागितलेली गावाची माहिती लिहून राहिलो. हर्षाले दाखवली नाही. चुका असतील त्या माझ्या.

गाव लहान, तलाव मोठा. तलाव आपल्या जुन्या लोकांनी डोक्यावर माती वाहून बांधला. खाली धानाच्या बांध्या. वरून पहिली बांधी आपली, टोकाची मनकर्णेची. इथं बाया रोवणी करतात तवा मागे सरकतात आणि बोलतात, तुझ्या गावासारखंच. मंडई होते. मोहाची झाडं आहेत. शाळा चवथीवरी. माणसं वाईट नाहीत, पण एकदा गप्प बसली का गप्पच बसतात.

इथं रीत होती का तुडुमवाल्याची बांधी शेवटी पिते. माझ्या बापानं मले लहानपणी त्या बांधीवर उभं केलं. सगळीकडं पाणी, आपली कोरडी. म्हणाला, भूक लागली तरी चालते, पण मनकर्णेच्या सासऱ्यानं आपल्यापुढं मान खाली घालून पाणी नाही मागितलं पाहिजे. यंदा मनकर्णा माझ्या पाया पडली आणि मीच मान खाली घातली.

बैठकीत तू काय म्हणला ते मले त्याच दिवशी समजलं. माझे कान गेले, डोळे नाही. मी फोनकडे पाहत नव्हतो, हर्षाकडे पाहत होतो. पोरगी खोटं बोलली, मी खरं मानलं, एवढंच आमच्या दोघांत राहिलं आहे. मी पत्राची वाट पाहतो असं तिले वाटते. वाटू दे. मले वाटलं होतं का तू एखाद्या पत्रात स्वतः लिहिशील. तू टोपीचा फोटो पाठवला.

कर्तोबद्दल तू एकच ओळ लिहिली. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तो ओट्यावर बसून काय पाहत असंल ते मले माहीत आहे. ही माहिती त्याले वाचून दाखव. त्याले सांग, कोसमटोल्यात कवडूच्या बांधीनं पहिल्यांदा पाणी प्यालं. तो समजून जाईल, तुझ्या पोऱ्याले फार भाषांतर करावं नाही लागणार.

धान खूप झालं. एवढं माझ्या हयातीत झालं नव्हतं. हर्षानं आणि तुझ्या मायनं कापलं, मी बांधीत पाय ठेवला नाही. नव्या तांदळाचा नवा खायच्या दिवशी तुझ्या मायनं तो भात रांधला. ताटं वाढली. हर्षा उठली, मग मी उठलो, मग तुझी मायही उठली. तो भात गायीले घातला. मनकर्णेले तांदूळ द्यायले हर्षा तिच्या दारात गेली, मनकर्णेनं तांदळाकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

तुझ्या कंपनीच्या माणसाजवळ तांदूळ देतो आहे. थोडा नाही, सगळा देतो. तुले आवडते म्हणाला होता. पोट भरून खा. आमच्या घरात तो कोणी खात नाही.

कवडू